अंतराचे वाटेकरी

बंगळुरात अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. ‘सातच्या आत निघालात तर पाऊण तास, नऊला निघालात तर दीड’ असं उत्तर मिळतं, आणि पावसाचे दिवस असतील तर सांगणारा तेवढंही सांगत नाही, नुसती मान हलवतो. टॉमटॉमच्या २०२४ सालच्या वाहतूक निर्देशांकात इथे दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागतात अशी नोंद आहे. जगातल्या सर्वांत संथ शहरांच्या त्या यादीत बंगळूर तिसरं होतं आणि त्याच्या पाठोपाठ चौथं पुणं, तेव्हा मराठी वाचकाला हे दुखणं परकं वाटायचं कारण नाही. अशा शहरात घर विकत घ्यायचं तर नकाशावर बोट ठेवून भागत नाही. त्या बोटाखालच्या जागेतून रोज सकाळी कोण कुठे जाणार, कशाने जाणार आणि परतल्यावर त्याच्यात किती जीव उरलेला असणार, हे सगळं मांडून बघावं लागतं.

आमच्या घरात कित्येक महिने हेच मांडणं चाललं होतं. आम्ही एचएसआर लेआउटमध्ये भाड्याने राहतो. माझं ऑफिस व्हाइटफील्डला, नवऱ्याचं इलेक्ट्रॉनिक सिटीत. मुलीची शाळा इथेच, चालत जाण्यासारखी. सासूबाई सोलापूरचं बिऱ्हाड आवरून आमच्याकडे आल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माणसं चार, दिशा तीन.

डोळ्यांसमोर जागाही तीनच होत्या. एक माझ्या ऑफिसजवळ, व्हाइटफील्डला. तिथून नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे शहराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. दुसरी सर्जापूरच्या बाजूला, नव्या मोठ्या वसाहतीत. तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त, दोन बाल्कन्या, खाली पोहण्याचा तलाव, आणि दोन्ही ऑफिसं आणखी लांब. तिसरी एचएसआरमध्येच, जुन्या इमारतीतला लहान फ्लॅट. तो नवऱ्याला जमण्यासारखा, मला मात्र लांबच. रिंग रोडने अगरा, इब्लूर, बेळ्ळंदूर, मारतहळ्ळी असं एकेक ठाणं ओलांडत जावं लागतं.

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून लेआउटला नाव मिळालं. बंगळूर विकास प्राधिकरणाने, म्हणजे सगळे ज्याला बीडीए म्हणतात त्याने, तो आखला. सात सेक्टर, सरळ रेषेतले मेन आणि क्रॉस, आणि ‘थर्टी-फॉर्टी’, ‘फॉर्टी-सिक्स्टी’ अशा मापाच्या साइट. इथली माणसं फुटांची ही मापं आडनावासारखी घराला जोडून सांगतात. प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे अशा वसाहतीत बागांसाठी आणि नागरी सोयींसाठी जमीन राखून ठेवावी लागते. निफ्ट या फॅशन संस्थेचं आवार त्यातल्याच एका भूखंडावर, २७ व्या मेनला उभं आहे. राखलेल्या जमिनीचं महत्त्व आकृतीत कळत नाही, तिथे राहायला लागल्यावर कळतं. कोपऱ्यावर बाग असते, शाळेला पोरं पायी जातात, अगरा तलावाच्या काठाने संध्याकाळी म्हातारी माणसं फेऱ्या मारतात. स्वच्छाग्रह कलिका केंद्रात ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं ते नुसतं बघायलाही जाता येतं. शेतजमिनीच्या तुकड्यांवर जशा जमतील तशा उठलेल्या इमारतींच्या वसाहतीत मोकळी जागा कुंपणाच्या आत असते. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की थेट रहदारीचा रस्ता.

सर्जापूरच्या बाजूची जागा दाखवणारा एजंट एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: ‘आज लांब वाटतंय मॅडम, दहा वर्षांत शहर इथे येईल.’ त्याचं म्हणणं खोटं नाही. या शहराचा सगळा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देईल. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या चार मनोऱ्यांना लोक शहराची वेस म्हणत आले. त्यातला एक आज लालबागेत आहे आणि शहर त्याच्यापुढे मैलोगणती पसरलं आहे. १८९८ सालच्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम वसवली, तेव्हा पेठेतल्या माणसाला ती गावाबाहेरची वस्ती होती. आज मल्लेश्वरमला राहणाऱ्याला शहराच्या मध्यावर राहणारा म्हणतात. एचएसआरचंही तेच झालं. ज्यांना सुरुवातीला इथे साइट मिळाल्या त्यांची कामं विधानसौधच्या आसपासच्या कचेऱ्यांत नाहीतर एचएएल, आयटीआय, बीईएलसारख्या कारखान्यांत. त्यांच्या दृष्टीने हे टोक होतं.

पण शहर दहा वर्षांनी येईल तेव्हा त्याचा लाभ जमिनीला होईल. मधली दहा वर्षं माणसांना काढायची असतात. माझ्या मुलीची पुढची दहा वर्षं म्हणजे तिचं उरलेलं सगळं बालपण. सासूबाईंची पुढची दहा वर्षं कशी असतील ते बोलून दाखवायचं नसतं. ‘पुढे भाव वाढेल’ हा हिशेब जमिनीच्या तुकड्यासाठी बरोबर असेल. ज्या घरात आजपासून राहायचं, त्याला तो लावला की हातातली वर्षं भांडवल म्हणून घातली जातात, आणि ती व्याजासकट कुठून परत येत नाहीत.

याच शहराशी मराठी माणसाचा संबंध आला तोही अंतराच्याच प्रश्नातून. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. पुणे-सुप्याची जहागीर तिकडे, राहणं आणि चाकरी इकडे, असा तो संसार दोन मुलखांत वाटला गेला. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं. तिथे बसून बंगळूर सांभाळणं त्यांना जड जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना ते तीन लाख रुपयांना विकायचं ठरवलं. व्यवहार पुरा व्हायच्या आत, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासिम खानाने शहर जिंकलं आणि तेवढ्याच रकमेला वोडेयरांच्या हवाली केलं. काम दूर गेलं म्हणून एका मराठी राजाने अख्खं बंगळूर सोडायला काढलं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराला गेले की मला हे हटकून आठवतं, कारण त्या देवस्थानाशी व्यंकोजींचं नाव जोडलेलं आहे.

व्यंकोजींचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. त्यांचं काम तंजावरला गेलं ते कायमचं. तिथे त्यांच्या घराण्याने १८५५ पर्यंत राज्य केलं. काम जिथे मुळं धरणार आहे तिथे घर न्यावं, हा जुना आणि खरा नियम आहे. बंगळुरातल्या सरकारी कारखान्यांनी तोच पाळला आणि कामगारांसाठी कारखान्याशेजारी वसाहती बांधल्या. भोंगा झाला की माणसं चालत कामावर जात. मुंबईच्या गिरणगावातही तेच होतं. परळ-लालबागच्या चाळी गिरणीच्या हाकेवर होत्या, आणि गिरणी तिथून हलणार नाही असं प्रत्येकजण धरून चालला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग हळूहळू माणसंही डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली. आमच्या पिढीला तर कामाने मुळं धरलेली बघायलाच मिळत नाहीत. कंपनी विकली जाते, ऑफिस कोरमंगल्यातून बेळ्ळंदूरला जातं, बेळ्ळंदूरमधून हेब्बाळला. २०२० मध्ये काम घरातच आलं तेव्हा अनेकांनी लांब, मोठी, हवेशीर घरं घेतली. मग ऑफिसांनी परत बोलावलं आणि तीच घरं पुन्हा लांब झाली. वीस वर्षांचं कर्ज काढून दोन-तीन वर्षांच्या नोकरीच्या दाराशी घर बांधणं मला व्हाइटफील्डच्या बाबतीत तिथेच पटेनासं झालं, जरी त्यात सगळ्यात मोठी सोय माझी होती.

माझं माहेर डोंबिवलीचं. बाबा फोर्टला नोकरी करायचे. ४८ किलोमीटर जायचे, ४८ किलोमीटर यायचे, निवृत्तीपर्यंत. त्या काळी दादर-गिरगावातल्या खोल्या सोडून आलेल्या हजारो कुटुंबांनी हाच करार केला होता: खोलीच्या जागी ब्लॉक, सार्वजनिक नळाच्या जागी घरातलं पाणी, आणि त्याच्या बदल्यात एका माणसाचं रोजचं अंतर. आम्हां मुलांना त्यातलं काही द्यावं लागलं नाही. शाळा पाच मिनिटांवर, ग्रंथालय त्याच्या पुढे, गणपतीचं देऊळ, ओळखीचे वाणी. डोंबिवलीत जे गावपण उभं राहिलं, ज्या गावाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली, ते दिवसभर गावात असणाऱ्या माणसांनी उभं केलं: बायकांनी, निवृत्तांनी, शाळकरी मुलांनी. लोकलने जाणाऱ्यांनी त्याची किंमत भरली. बाबांना ती भरता आली याचं एक कारण मला आता बंगळुरात बसून कळतं. त्यांच्या अंतराला वेळापत्रक होतं. सातची अमुक गाडी, तो डबा, तीच माणसं. गर्दी जीवघेणी असायची, पण संध्याकाळी ते किती वाजता दारात उभे राहणार हे आईला ठाऊक असायचं आणि कुकर त्या बेताने लागायचा. कष्ट ठरलेले असले की माणूस त्यांच्याभोवती आयुष्य रचून घेतो.

मुंबईत रेल्वे आधी आली, १८५३ मध्ये, आणि मग तिच्या दोन्ही बाजूंनी उपनगरं वाढली. बंगळुरात आधी कचेऱ्या आल्या. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी झाली, १९९० च्या दशकात व्हाइटफील्डला टेक पार्क आलं. मग त्यांच्या मागे घरं धावली. रुळावरची वाहतूक सगळ्यांत शेवटी. मेट्रोचा पहिला टप्पा २०११ मध्ये सुरू झाला. व्हाइटफील्डपर्यंतची जांभळी मार्गिका २०२३ मध्ये सलग झाली, आणि सिल्क बोर्डवरून इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रला जाणाऱ्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ ला झालं. तेव्हापासून नवऱ्याच्या अंतराला वेळापत्रक मिळालं. माझ्या वाट्याची निळी मार्गिका, सिल्क बोर्ड ते के.आर. पुरम, रिंग रोडच्या मधोमध अजून खांबांवर चढते आहे. आज मेट्रोने व्हाइटफील्ड गाठायचं तर सिल्क बोर्डहून आर.व्ही. रोड, तिथून मॅजेस्टिक, मग पुन्हा पूर्वेकडे, असा गावाला वळसा घालावा लागतो. म्हणून मी बसने जाते. बस मारतहळ्ळीच्या अलीकडे थांबते, दिवे पुढे लांबवर लाल दिसतात, आणि बसमधल्या सगळ्या बायका एकाच वेळी फोन काढतात. कोणी शेजारणीला सांगत असते की मुलाला तासभर ठेवून घ्या. कोणी कणीक कुठे आहे ते सांगत असते. ही माणसं घरापासून आठ-दहा किलोमीटरवर असतात, आणि घर चालवायला तेवढं अंतर पुरेसं जास्त असतं.

पैशांचा हिशेब सगळेच करतात, तो आम्हीही केला. एक कोटीचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ८६,८०० रुपये बसतो आणि शेवटी बँकेला दोन कोटी आठ लाखांच्या वर दिलेले असतात. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी वेळेचा हप्ता मांडला. जाताना एक आणि येताना एक असा रोजचा दोन तास प्रवास वाढला, आणि वर्षाला कामाचे २४० दिवस धरले, तर वर्षाला ४८० तास होतात. म्हणजे रात्र-दिवस धरून २० पूर्ण दिवस. कर्जाच्या वीस वर्षांत ४०० दिवस, वर्षाहून जास्त. एक जास्तीची खोली आणि दोन बाल्कन्या यांच्या किमतीत हे कोणी लिहीत नाही.

ब्रूनो फ्राय आणि अलॉईस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती घेऊन हाच प्रश्न तपासला. अर्थशास्त्राच्या पुस्तकी तर्काप्रमाणे, लांब जाणाऱ्याला त्याचा मोबदला कुठेतरी मिळालेला असायला हवा: मोठं घर, स्वस्त भाडं, चांगला पगार. त्यांना आढळलं ते वेगळंच. ज्यांचा प्रवास लांबचा, ते आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. मिळालेल्या मोबदल्याने खड्डा भरून निघत नव्हता. मला यात नवल वाटलं नाही. मोठ्या खोलीची सवय महिन्याभरात होते. प्रवासाची होत नाही, कारण तो रोज नव्याने त्रास देतो. आज अपघात, उद्या पाणी साचलेलं, परवा कोणा मंत्र्याची गाडी.

सर्जापूरकडची जागा आम्ही पहिल्यांदा रविवारी सकाळी बघितली. रस्ता मोकळा, हवा गार, सॅम्पल फ्लॅटमध्ये पांढरे पडदे आणि कोऱ्या पातेल्या मांडलेल्या. मुलगी बाल्कनीतून हलायला तयार नव्हती. मग एका मंगळवारी मी ऑफिसमधून थेट तिकडे गेले. पोचले तेव्हा अंधार पडून गेला होता आणि फाटकाशी पाण्याचे टँकर रांगेने उभे होते. पहिल्या टँकरचा जाडा पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलेला, त्याच्या जोडावरून पाणी गळत होतं, आणि चौकीदाराने त्या धारेखाली आपली कळशी लावली होती. आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटलेल्या बघितल्या आहेत. त्या साली ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. शहरात २००७ मध्ये आलेल्या ११० गावांसाठी तो आहे. ते पाणीसुद्धा जवळपास १०० किलोमीटरवरून, काही शे मीटर चढ चढून येतं. एवढ्या लांबून आलेलं पाणी आपल्या घरात पोचायची वाट आणखी किती वर्षं बघायची, हा प्रश्न मी त्या फाटकावर मनाशी घेतला. घर बघायचं तर कामाच्या दिवशी, कामावरून सुटून बघावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

या सगळ्यात मला खरोखर खडबडून जागं केलं ते एका मैत्रिणीच्या बोलण्याने. तिने लांब घर घेतलं, आणि वर्षभरात नोकरी सोडली. घर घेताना दोघांचे पगार धरून कर्ज मंजूर झालं होतं. मग मूल आजारी पडलं की कोण लवकर पोचणार, शाळेतून फोन आला की कोण निघणार, याची उत्तरं एकाच बाजूला पडत गेली. कोणी तिला नोकरी सोड म्हटलं नाही. अंतराने म्हटलं. घराची जागा ठरवताना त्या घरातल्या कोणाची नोकरी टिकणार हेही ठरत असतं, आणि ते कधीच उघडपणे चर्चेला येत नाही. करारावर सह्या दोघांच्या असतात. अंतर मात्र सहीप्रमाणे निम्मं-निम्मं वाटलं जात नाही. ज्याच्या कामाला घरात कमी मान, त्याच्याकडे ते जास्त सरकतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का कलबुर्गीकडच्या. परंगीपाळ्यात एका खोलीत राहतात. चार घरची कामं करतात. त्यांना मी विचारलं, तुम्ही खोली कशी निवडली? त्यांनी पीठ मळता मळता सांगितलं, की भाडं पुढे सोमसंद्रपाळ्याच्या बाजूला कमी होतं, पण तिथून आलं तर एक घर सुटतं. एक घर सुटलं की भाड्यातली बचत गेली, वर पोराला शाळेतून आणायला कोणी नाही. हा हिशेब त्यांनी कागदावर मांडला नव्हता, आणि तो माझ्यापेक्षा नेमका होता. अंतर परवडणं हीसुद्धा ऐपत आहे. ती ज्यांच्याकडे नाही त्यांना जवळच राहावं लागतं, खोली कितीही अंधारी असली तरी. लेआउटच्या सरळ रस्त्यांवरची आमची सोय अशा कडेच्या, दाटीच्या गल्ल्यांवर उभी आहे, आणि घर घेताना जिथे राहायला जातोय तिथे काम करणारी माणसं कुठे राहणार हेही बघायला हवं. सर्जापूरच्या त्या वसाहतीत कामाला येणाऱ्या बायका किती लांबून येतात, हे तिथे कोणालाच सांगता आलं नाही.

शेवटी आम्ही एचएसआरमधला जुना फ्लॅट बघायला सासूबाईंना घेऊन गेलो. तिसरा मजला, लिफ्ट लहान, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, कडेला थोडा टवका उडालेला. आम्ही दोघं भिंतीतली ओल आणि गाडीची जागा बघत होतो. सासूबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून घरमालकीणबाईंना कन्नडमध्ये विचारलं, ‘या पाण्यात डाळ शिजते का?’ सोलापूरकडे पुष्कळांना कन्नड येतं, त्यांनाही. बाईंनी दोन नळ दाखवले: एक कावेरीचा, एक बोअरवेलचा, कावेरी दिवसाआड येते, डाळीला आणि चहाला तेच पाणी घ्यायचं, बाकी सगळ्याला बोअरवेल. मग दोघी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. देऊळ किती लांब, खाली भाजीवाला किती वाजता येतो, बागेत संध्याकाळी कोण कोण बसतं. परत येताना सासूबाई म्हणाल्या, ‘हे बघ, तुम्ही दोघं सकाळी जाता ते रात्री येता. तुम्हाला घर झोपायला लागतं. मला आणि पोरीला ते दिवसभर लागतं.’

त्या वाक्याने महिनोन्‌महिन्यांचं कोडं सुटलं. आम्ही इतके दिवस घर ऑफिसपासून मोजत होतो, कारण कमावणारे आम्ही. पण घर वापरणारी माणसं दुसरीच होती. ज्याला सगळ्यात कमी हिंडता येतं, त्याच्या पावलांनी घराची जागा मोजावी. म्हातारं माणूस आणि लहान मूल यांचं सगळं जग अर्ध्या किलोमीटरचं असतं. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये शाळा, बाग, दवाखाना आणि चार ओळखीचे चेहरे असतील, तर ते जग भरलेलं असतं. नसतील, तर पोहण्याच्या तलावाने ते भरत नाही. सोलापूर सोडून आलेल्या बाईने इथे एकदा ओळखी जमवल्या आहेत. त्यांना ते पुन्हा करायला सांगणं, हे मला माझ्या रोजच्या प्रवासापेक्षा मोठं ओझं वाटलं. माझं अंतर मी पगार घेऊन पार करते, आणि निळी मार्गिका झाली की ते कमी होईल. त्यांच्या अंतरावर कोणतीच मार्गिका येणार नाही.

तरीही अंतराला मर्यादा हवी. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली मांडलं, की पायी चालणाऱ्या काळापासून मोटारीच्या काळापर्यंत माणूस दिवसाला साधारण तासभर प्रवासात घालवत आला आहे. वाहनं वेगवान झाली तशी गावं पसरली, तास तेवढाच राहिला. माझा रोजचा प्रवास त्याहून बराच जास्त आहे आणि तो तसाच वीस वर्षं चालवायचा असं मी ठरवलेलं नाही. म्हणून कागदपत्रं तपासायला देण्याआधी, मूळ खरेदीखत, ईसी म्हणजे बोजाचा दाखला, ई-खाता, ओसी म्हणजे भोगवटा दाखला, या सगळ्यांच्या आधी, आम्ही दोघांनी आपसात एक बोलणी केली. मंगळवार आणि गुरुवार मी उशिरापर्यंत ऑफिसात असेन. त्या दिवशी शाळेचा फोन नवऱ्याने घ्यायचा आणि त्यानेच निघायचं. मला घरून काम करता येण्याचे दिवस सासूबाईंच्या तपासण्यांना आणि पाहुण्यांना आपोआप जोडले जाणार नाहीत. आणि नोकरी बदलायची वेळ आली तर माझ्या कामाची निवड त्याच्या कामाइतकीच वजनाची धरायची. हे बोलणं अवघड होतं. कर्जाच्या अर्जावर सही करण्याहून अवघड होतं, कारण तिथे रकाने छापलेले असतात.

एचएसआरचा फ्लॅट आम्ही घेतो आहोत. तो एका खोलीने लहान स्वप्न आहे, आणि माझ्या ऑफिसपासून लांब आहे. पण इथून पुढे माझा शोध उलट्या दिशेने चालणार आहे. आजवर नोकरी जिथे मिळेल तिच्या मागे आम्ही घर शोधत आलो: कोथरूड, मग कोरमंगला, मग इथे. आता घर ठरलं आहे, आणि पुढचं काम या घरापासून मोजून शोधायचं. त्यात काही चांगल्या जागा हातच्या जातील, हे मला दिसतं आहे, आणि ते मी मान्य केलं आहे. ज्या कुटुंबांत हा विचार चालू असेल त्यांना मी एवढंच सांगेन, की फ्लॅटच्या चौरस फुटांआधी अंतराची वाटणी करा. कोणाच्या वाट्याला किती येतंय ते नावं घालून लिहा, आणि ज्याच्या नावापुढे सगळ्यात जास्त येईल त्याला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.